धाडसी प्रवाशाची शिदोरी

तेलविहिरीतून तेलाबरोबर वर येणाऱ्या पाण्याला पुष्कळदा कुजक्या अंड्यांचा वास येतो. विहिरीवर काम करणाऱ्यांच्या तो अंगवळणी पडलेला असतो. शिकागो विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ एडसन बास्टिन यांना मात्र १९२०च्या दशकात त्या वासाने स्वस्थ बसू दिले नाही. तेलाच्या थरांतले पाणी मूळचे समुद्राचे, म्हणजे त्यात सल्फेट भरपूर असायला हवे. प्रत्यक्षात सल्फेट जवळपास नाहीसे झालेले आणि त्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच तो वास. त्या खोलीवरच्या बेताच्या उष्णतेत हा बदल नुसत्या रसायनाने होणे अवघड. तो सहज घडवून आणणारे जिवाणू ठाऊक होते, पण ते तळ्याच्या काळ्या चिखलात राहणारे. माणूस श्वासात ऑक्सिजन घेतो तसे ते सल्फेट घेतात आणि गंधकाचा तो वायू सोडतात.

बास्टिन यांनी आपल्याच विद्यापीठातले जिवाणूशास्त्रज्ञ फ्रँक ग्रीर यांना गाठले. खोल विहिरींच्या पाण्यात ग्रीर यांना ते जिवाणू खरोखरच सापडले आणि १९२६मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात ही बातमी छापून आली. त्याच सुमारास बाकूच्या तेलक्षेत्रातूनही तसेच निष्कर्ष येत होते. पण फारसे कोणी मनावर घेतले नाही. आक्षेप साधा होता आणि खोडून काढायला महाकठीण. विहीर खणताना चिखल आत ओततात, लोखंडी नळ्या उतरवतात, शेकडो हात लागतात. मग सापडलेले जिवाणू खालचे कशावरून? वरूनच गेले असतील.

या आक्षेपामागे आणखी एक अडचण उभी होती, आणि ती जास्त खोल होती: पोटापाण्याची. जमिनीखाली शेकडो मीटरवर कोणी राहत असेल, तर तो खातो काय?

शाळेतल्या पुस्तकात याचे उत्तर एका ओळीत असते. झाडे सूर्याच्या प्रकाशावर अन्न तयार करतात, प्राणी झाडांवर जगतात आणि बाकीचे सगळे या दोघांच्या उरल्यासुरल्यावर. या नियमाला पहिला तडा गेला तो १८८७मध्ये. रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी स्ट्रासबुर्गला दाखवून दिले की, काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइडसारख्या निर्जीव पदार्थातून ऊर्जा मिळवतात. तो शोध मोठा होता, तरी त्याने सूर्याचे ऋण फिटत नव्हते. त्या जिवाणूंना गंधक जाळायला ऑक्सिजन लागतो आणि हवेतला ऑक्सिजन हिरव्या पानांनी घडवलेला. पुढे १९७७मध्ये गालापागोसजवळ समुद्राच्या तळाशी उष्ण पाण्याचे झरे आणि त्यांच्या भोवती दाटीवाटीने जगणारी सृष्टी सापडली, तेव्हा ‘सूर्याविना जीवन’ असा गाजावाजा झाला. तिथेही हिशेब तोच निघाला, कारण त्या झऱ्यांवरचे बहुतेक जिवाणू समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच अवलंबून आहेत. सूर्याशी खरोखर फारकत घेतलेले जीवन हवे असेल, तर खाणे आणि श्वास या दोन्हींची सोय दगडातून व्हायला हवी.

मधल्या काळात शास्त्रज्ञांनी जीवनाची खालची सीमा आखूनही टाकली होती. क्लॉड झोबेल हे सागरी जिवाणूशास्त्रातले मोठे नाव. त्यांनी आणि रिचर्ड मोरिता यांनी पॅसिफिकच्या तळाचा गाळ नळीने उपसून तपासला आणि १९५५मध्ये जाहीर केले की, ७.४७ मीटरच्या खाली वाढणारे जिवाणू मिळत नाहीत. सेंटिमीटरपर्यंत मोजलेली ही सीमा वाचताना आज आश्चर्य वाटते. पण झोबेल यांना दोष देणे अन्यायाचे होईल. प्रयोगशाळेतल्या पोषक रसात जे वाढते तेच जिवंत, अशी त्या काळची कसोटी होती; आणि सुग्रास अन्न समोर ठेवले म्हणून अर्धपोटी राहण्याची सवय झालेला जीव ते खाईलच असे नाही.

ही कोंडी फुटली ती एका अगदी व्यावहारिक गरजेतून. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यापुढे अण्वस्त्रांच्या कारखान्यांतून जमिनीत मुरलेल्या घाणीचा प्रश्न होता. ती घाण खाऊन टाकणारे जिवाणू खाली असतील का, हे पाहण्यासाठी खात्यातले भूशास्त्रज्ञ फ्रँक वॉबर यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर एक कार्यक्रम उभा केला. साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर परिसरात, जिथे बॉम्बसाठी प्लुटोनियम आणि ट्रिटियम तयार होई, तिथे सुमारे पाचशे मीटरपर्यंत बोअर घेतल्या गेल्या. यावेळी सहा दशकांपूर्वीच्या आक्षेपाला उत्तर आधीच तयार ठेवले होते. बोअरमध्ये ओतायच्या चिखलातच खुणेची द्रव्ये मिसळलेली. वर आलेल्या दगडाच्या गाभ्याची बाहेरची साल निर्जंतुक हत्यारांनी तासून टाकायची, आतला भाग घ्यायचा आणि त्यात खुणेचे द्रव्य सापडले तर तो तुकडा बाद. सापडले नाही आणि जिवाणू सापडले, तर ते तिथलेच. जिवाणू सापडले, आणि तेही मुबलक.

त्यानंतर विहिरी खोल होत गेल्या. व्हर्जिनियातल्या एका तेलकंपनीच्या बोअरमधून, २.७ किलोमीटर खालून, ऑक्सिजनशिवाय आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला वाढणारा एक जिवाणू वेगळा काढण्यात आला. १९९५मध्ये त्याचे नाव ठेवले गेले ‘बॅसिलस इन्फर्नस’, म्हणजे पाताळातला.

दरम्यान १९९२मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गोल्ड यांचा एक निबंध आला होता: ‘खोल, उष्ण जीवावरण’. गोल्ड मूळचे खगोलशास्त्रज्ञ. फ्रेड हॉइल आणि हर्मन बाँडी यांच्याबरोबर विश्वाचा स्थिर स्थिती सिद्धान्त मांडणारे ते तिसरे; जयंत नारळीकरांमुळे मराठी वाचकाला तो सिद्धान्त परका नाही. पृथ्वीच्या पोटातले जीवन वजनाने वरच्या जीवनाच्या तोडीचे असू शकेल आणि ते खालून झिरपणाऱ्या रासायनिक ऊर्जेवर पोसले जात असेल, असे त्यांचे म्हणणे. खनिज तेल हे जीवांच्या अवशेषांतून आलेलेच नाही, हा त्यांचा जोडीचा दावा होता आणि त्यासाठी स्वीडनमध्ये साडेसहा किलोमीटरहून खोल विहीरही खणली गेली; तिने काही विकण्याजोगे तेल दिले नाही. तेलाबाबत गोल्ड चुकले असे आज बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. खोल जीवनाबाबत मात्र त्यांनी प्रश्न नेमक्या जागी आणून ठेवला. ‘खाली कोणी आहे का’ हा विषय संपला होता. आता खालच्या जीवांच्या शिदोरीत काय आहे, हे उघडून पाहायचे होते.

सव्हाना रिव्हरच्या गाळात त्याचे उत्तर सोपे होते. त्या गाळात प्राचीन वनस्पतींचे अवशेष गाडले गेले होते. म्हणजे जुने ऊन, पुरून ठेवलेले. निखळ दगडात तीही सोय नसते. म्हणून १९९५च्या ऑक्टोबरमध्ये टॉड स्टीव्हन्स आणि जेम्स मॅकिन्ली यांनी कोलंबिया नदीच्या बेसाल्टमधली निरीक्षणे मांडली, तेव्हा खळबळ उडाली. वॉशिंग्टन राज्यातला तो पाषाण सह्याद्रीसारखाच: लाव्ह्याचे थरावर थर, काळाकभिन्न. त्यातल्या भूजलात हायड्रोजन विरघळलेला होता आणि त्या हायड्रोजनवर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव होते. बेसाल्ट दळून ऑक्सिजनविरहित पाण्यात ठेवला तर हायड्रोजन निघतो, असा प्रयोगही त्यांनी केला. दगडातले लोह पाण्याशी अभिक्रिया करते, हायड्रोजन सुटतो आणि तो खाऊन जीव जगतात. किती नीटस!

नीटस गोष्टीवर शंका घेणे हे विज्ञानाचे कामच. १९९८मध्ये अँडरसन, चॅपेल आणि लव्हली या तिघांनी दाखवले की, तिथले भूजल जितके अल्कधर्मी आहे तितक्याच अल्कधर्मी पाण्यात प्रयोग केला तर बेसाल्ट हायड्रोजन देत नाही. पहिल्या प्रयोगातले पाणी जास्त आम्लधर्मी होते. दावा डळमळला. पण याच टीकाकारांपैकी फ्रान्सिस चॅपेल यांनीच २००२मध्ये आयडाहोतल्या लिडी या गरम झऱ्याखालच्या पाण्याचा अभ्यास छापला. तिथे नव्वद टक्क्यांहून अधिक सूक्ष्मजीव हायड्रोजनवर जगणारे, मिथेन सोडणारे निघाले. दुसऱ्याचा दावा पुराव्याने पाडायचा आणि तसल्याच गोष्टीचा भक्कम पुरावा स्वतः शोधून आणायचा, असे मोठेपण संशोधनाच्या इतिहासात फार वेळा दिसत नाही.

तरीही खाणे आणि श्वास या दोन्हींचा चोख हिशेब लागला तो दक्षिण आफ्रिकेत, सोन्याच्या खाणीत.

जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला कार्लटनव्हिल परिसरातली म्पोनेंग ही जगातल्या सर्वांत खोल खाणींपैकी एक. जवळजवळ चार किलोमीटर. तिथे खालच्या दगडाला हात लावला तर पोळेल, इतका तो तापलेला असतो. म्हणून बोगदे थंड ठेवायला वरून बर्फाचा चुरा सोडतात. प्रिन्स्टन विद्यापीठाचे टलिस ऑनस्टॉट १९९६मध्ये पहिल्यांदा या भागातल्या खाणीत उतरले. तेल कंपन्यांची बोअर दुरून, नळीच्या तोंडाशी उभे राहून पाहायची. खाणीत माणूस स्वतः दगडापर्यंत जाऊ शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

खाणकामगारांची एक जुनी रीत त्यांच्या कामी आली. नवा बोगदा पुढे नेण्याआधी समोरच्या दगडात लांबच लांब भोके पाडून पाहतात. आत पाण्याचा साठा किंवा मिथेन दडलेला असेल, तर सुरुंग लावण्याआधी तो कळावा म्हणून. एखादे भोक भेगेत घुसले की पाणी जोराने बाहेर फेकले जाते. खाणीसाठी ती आपत्ती, शास्त्रज्ञांसाठी पर्वणी. भोकाच्या तोंडाशी निर्जंतुक केलेली झडप घट्ट बसवायची, हवा आत शिरणार नाही अशा बेताने पाणी वाहू द्यायचे आणि मग ते गाळण्यांतून सोडायचे. घामाने डोळे चुरचुरत असतात, दिव्याच्या उजेडापलीकडे काही दिसत नाही, खाणीच्या पाळीचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. यंत्रे थंड करायला खाण जे पाणी वापरते, त्याचेही नमुने सोबत घ्यायचे. दोन्हींतले क्षार आणि जिवाणू ताडून पाहिले, म्हणजे बास्टिन यांच्या वेळचा तो आक्षेप पुन्हा डोके वर काढत नाही.

म्पोनेंगमध्ये २.८ किलोमीटर खोलीवर अशीच एक भेग फुटली. पाणी खारट, अल्कधर्मी, सुमारे साठ अंश तापलेले आणि हायड्रोजनने भरलेले. त्यातल्या निष्क्रिय वायूंच्या मोजमापावरून कळले की, हे पाणी निदान काही दशलक्ष वर्षे पृष्ठभागापासून तुटलेले आहे. ऑनस्टॉट यांचे तैवानी विद्यार्थी ली-हुंग लिन, इंडियाना विद्यापीठाच्या लिसा प्रॅट आणि इतरांनी २००६मध्ये या पाण्यातल्या अर्थव्यवस्थेचा उलगडा केला. अर्थव्यवस्था हाच शब्द इथे शोभतो, कारण तिचा जमाखर्च जुळतो.

जमेची बाजू युरेनियमची. ही खाण ज्या विटवॉटर्सरँड पट्ट्यात आहे, त्याच्या सोन्याच्या थरांत युरेनियम आहे. थोरियम आणि पोटॅशियम तर जवळपास सगळ्याच दगडांत थोडेबहुत असते. त्यांचे अणू फुटतात तेव्हा निघणारे किरण भेगेतल्या पाण्यावर आदळतात. अल्फा कण पाण्यात केसाच्या जाडीइतकेही अंतर जात नाही. म्हणून दगडाला अगदी खेटून असलेले पाणीच त्याच्या तडाख्यात सापडते. पाण्याचा रेणू तुटतो. त्यातून एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्ये निघतात. किरणांनी पाणी फुटते, हे रेडियमच्या शोधानंतर थोड्याच वर्षांत कळले होते आणि अणुभट्टी चालवणाऱ्यांना तर ते रोजचे. ते जीवाच्या जेवणाशी जोडायला शंभर वर्षे लागली.

हायड्रोजन हे झाले अन्न. आता श्वास. त्या दगडात पायराइट आहे, सोन्यासारखे चमकून खाणीतल्या हौशी माणसाला फसवणारे लोह-गंधकाचे खनिज. पाणी तुटून निघालेली जहाल द्रव्ये पायराइटला गंजवतात आणि त्यातून सल्फेट तयार होते. म्हणजे एकाच किरणाने जेवणही वाढले आणि श्वासाचीही सोय केली. जिवाणू हायड्रोजन सल्फेटाबरोबर जाळतो आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतो. कुजक्या अंड्यांचा तोच वास. या साखळीत सूर्य कुठेच येत नाही. युरेनियमचा मुख्य प्रकार निम्मा व्हायला साडेचार अब्ज वर्षे लागतात, थोरियमला चौदा अब्ज. ही शिदोरी लवकर संपणारी नाही.

खर्च मात्र फार जपून. या जिवाणूंची एक पिढी पूर्ण व्हायला कित्येक दशके, कदाचित शतकेही लागत असावीत, असा लिन आणि सहकाऱ्यांचा अंदाज होता. स्वयंपाकघरातल्या दह्याच्या भांड्यात जे तासा-दोन तासांत घडते, त्याला तिथे पेशवाईचा काळ लागेल.

त्याच भेगेतले ५,६०० लिटर पाणी गाळून मिळालेला डीएनए डिलन चिव्हियन आणि सहकाऱ्यांनी वाचला आणि २००८मध्ये जे सांगितले त्याने जाणकारही चक्रावले. गाळण्यातला ९९.९ टक्क्यांहून अधिक डीएनए एकाच जातीचा होता. निसर्गात कुठेही पाहा, एकाचे उष्टे दुसऱ्याचे अन्न होते, एक नत्र देतो तर दुसरा कार्बन. इथे एकटाच जीव सगळा संसार सांभाळत होता. नत्र स्वतः बांधायचे, कार्बन स्वतः मिळवायचा, लागणारी सगळी अमिनो आम्ले स्वतः घडवायची, पाणी आटले तर बीजाणू होऊन पडून राहायचे, चांगली जागा हुंगून पोहत जायचे. या सगळ्याची जनुके त्याच्याजवळ होती. नव्हती ती ऑक्सिजनपासून बचावाची. ऑक्सिजनशी कधी गाठच पडली नसावी.

त्याचे नाव ठेवले ‘डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर’. ज्यूल व्हर्नच्या १८६४मधल्या पाताळप्रवासाच्या कादंबरीत प्राध्यापकाला सापडलेल्या लॅटिन चिठ्ठीतून उचललेला शब्द: धाडसी प्रवासी. पुढे तोच प्रवासी सायबेरियात आणि उत्तर अमेरिकेतही खोल पाण्यात सापडला. २०१९मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी सायबेरियातल्या बोअरच्या पाण्यातून तो प्रयोगशाळेत वाढवला. तीन खंडांवरच्या या जिवाणूंचा डीएनए इतका सारखा निघाला की, खंड एकमेकांपासून दुरावले तेव्हापासून तो जवळजवळ बदललाच नसावा, असे अनुमान २०२१मध्ये मांडले गेले. ऑनस्टॉट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले.

त्यांच्या खाणींनी आणखीही आश्चर्ये दिली. २०११मध्ये गाएतान बोर्गोनी यांच्यासह त्यांनी बियाट्रिक्स खाणीतून, १.३ किलोमीटर खालून, अर्ध्या मिलिमीटरचा एक सूत्रकृमी मिळाल्याचे जाहीर केले. तो भेगांतल्या जिवाणूंवर चरतो.

कॅनडात टोरोंटो विद्यापीठाच्या बार्बरा शेरवूड लोलार यांनी हीच वाट पुढे नेली. ऑन्टारियोतल्या किड क्रीक या तांबे-जस्ताच्या खाणीत २.४ किलोमीटरवर त्यांच्या गटाने मोजलेले पाणी दीड अब्ज वर्षांहून जुने निघाले. पुढे आणखी खाली त्याहून जुने मिळाले आणि तिथेही सल्फेट किरणोत्सर्गानेच घडलेले दिसले. शेरवूड लोलार सांगतात की, जुने पाणी शोधताना त्या आधी नाकाचा आधार घेतात. २०१४मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबात जुन्या खंडीय दगडातून निघणारा हायड्रोजन आधीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी जास्त भरला. खंडांच्या कवचाचा सुमारे ७० टक्के भाग अशा जुन्या दगडाचा आहे. त्या हिशेबात किरणोत्सर्गाखेरीज दुसरा मार्गही धरला होता: ऑलिव्हिनसारख्या खनिजात पाणी मुरून तो दगड सर्पेंटाइन होतो, तेव्हा लोह गंजून हायड्रोजन सुटतो. अटलांटिकच्या तळाशी २०००च्या डिसेंबरमध्ये सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ या चुनखडीच्या पांढऱ्या मनोऱ्यांखाली हेच चालते. त्यांतला सर्वांत उंच मनोरा साठ मीटरचा आहे.

महाराष्ट्राच्या पायाखालीही हा शोध पोहोचला आहे, तोही भूकंपाच्या निमित्ताने. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला ६.३ क्षमतेचा भूकंप झाला आणि तेव्हापासून तिथली जमीन शांत नाही. भूकंपांच्या उगमाजवळ जाऊन पाहण्यासाठी पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने खोल बोअरचा प्रकल्प हाती घेतला. त्याची प्रयोगशाळा कराडला आहे. आधी सुमारे दीड किलोमीटरपर्यंतच्या शोधविहिरी झाल्या आणि २०१७मध्ये गोठणे गावाजवळची बोअर तीन किलोमीटरपर्यंत गेली. वर साडेसहा कोटी वर्षांचा काळा पाषाण. गोठण्याला त्याची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास. त्याखाली अडीच अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइट.

शोधविहिरींतले दगडाचे गाभे आयआयटी खरगपूरच्या पिनाकी सार यांच्या गटाने तपासले आणि २०१८मध्ये निष्कर्ष छापले. दगडात सेंद्रिय कार्बन अगदी थोडा, तरी दोन्ही थरांत जिवाणूंचा डीएनए होता. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट यांतली वस्ती वेगवेगळी, जणू दोन गावे ज्यांचा आपसात व्यवहार नाही. त्यांत हायड्रोजन, गंधक आणि नायट्राइट यांवर जगणारे जिवाणू होते. सल्फेट श्वासात घेणाऱ्यांची आणि मिथेन घडवणाऱ्यांची जनुके ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्टमध्ये निदान दहापट जास्त भरली.

आणि कोयनेला लागू पडणारा ऊर्जेचा आणखी एक मार्ग जपानमधून ठाऊक आहे. १९८०मध्ये तिथल्या यामासाकी भ्रंशावर जमिनीतून निघणारा हायड्रोजन मोजला गेला. पुढे प्रयोगशाळेत दगड चिरडून पाहिले तेव्हा कारण कळले: सिलिकेट दगड फुटला की त्याच्या ताज्या पृष्ठावर तुटलेले बंध उघडे पडतात आणि पाण्याशी गाठ पडताच त्यांतून हायड्रोजन निघतो. कोयना-वारणा परिसरात लहानमोठे धक्के आजही थांबलेले नाहीत. प्रत्येक धक्क्याला खाली कुठेतरी ग्रॅनाइट घासतो, बारीक भेगा पडतात आणि सह्याद्रीवरच्या पावसाचे मुरलेले पाणी त्या भेगांतून वाट काढत राहते.